सोळा, पण काय?

यंदाच्या जानेवारीत माझ्याकडून एका शब्दाची चूक झाली. आकडा बरोबर होता, त्याच्यापुढचा शब्द चुकला. तुम्ही म्हणाल, एका शब्दाने काय होतंय? माझ्या मामाने त्या एका शब्दावरून सुपारीची शंभर रोपं नको म्हणून कळवलं.

थांबा, नीट सांगते.

मी हैदराबादला एका कंपनीत कंटेंट रायटर आहे. शिक्षण बी. ए. इंग्लिश. सकाळी केसगळतीवर घरगुती उपाय, दुपारी एसआयपी म्हणजे काय, संध्याकाळी 'या पाच सवयी आजच सोडा', असा माझा दिवस जातो. मराठीसाठी आम्ही दोघीच आहोत, त्यामुळे विज्ञानाचं काही आलं की ते फिरत फिरत माझ्याच टेबलावर येतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असंच एक काम आलं. शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जाहीर केलं होतं की २०२४ मध्ये जगातल्या समुद्रांच्या वरच्या २,००० मीटर पाण्यात २०२३ पेक्षा १६ झेटाजूल जास्त उष्णता साठली. पाचशे शब्द हवे होते, तासाभरात, आणि मथळा जोरदार.

झेटाजूल हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. आमच्याकडे नियमच आहे, अवघड शब्द दिसला की सोपा टाका. उष्णता म्हटल्यावर बोटांनी आपोआप 'अंश' टाइप केलं. 'एका वर्षात समुद्र १६ अंशांनी तापला!' टीम लीडने मथळ्याला अंगठा दिला, लेख गेला आणि मी पुढच्या कामाला लागले. संध्याकाळी मोठ्या कौतुकाने लिंक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. हीच माझी दुसरी चूक.

चूक पकडली आजीने. आमचं आजोळ श्रीवर्धनचं. आजी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. रविवारी फोनवर म्हणाली, "काय गं, सोळा अंश वाढला म्हणतेस समुद्र, मग आता कोलंबी शिजूनच येणार का जाळ्यात?"

मी हसले. मग हसू थांबलं. लॅपटॉप उघडला, मूळ बातमी पुन्हा वाचली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सोळा अंश वाढले असते तर कोलंबीच काय, कोणीच उरलं नसतं.

मी घाईघाईने मामाला फोन मागितला. मामा म्हणाला, "अगं, मलाही जरा जास्तच वाटलं होतं. पण तू लिहिलंयस म्हटल्यावर खरंच असणार. मी काल त्या रोपवाल्याला नको म्हणून कळवलं."

ही रोपं म्हणजे काय, ते सांगायला मला २०२० मध्ये जावं लागेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी तुम्ही ऐकून असाल. त्या दुपारी दोन-तीन तासांत गावातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. मामाच्या वाडीत उभी सुपारी मोजायला एका हाताची बोटं पुरली. सुपारीचं झाड लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे एक वादळ मुलाची अख्खी शाळा खाऊन टाकतं. मामाने घराकडची अर्धी वाडी पुन्हा लावली. समुद्राकडची अर्धी तशीच पडून होती. पाच वर्षांनी हिंमत करून त्याने शंभर रोपं सांगितली होती, आणि ती माझ्या एका शब्दाने गेली.

"मामा, ते चुकलंय. सोळा अंश नाही," मी म्हटलं.

"मग किती अंश?"

मला उत्तर येत नव्हतं. "आठवड्याने सांगते," म्हणून मी फोन ठेवला. तो आठवडा मी झेटाजूलबरोबर घालवला.

पहिली गोष्ट मला समजली ती आजोळच्या मोरीतली. तिथे अजून तांब्याचा बंब आहे. एवढ्याशा भांड्यात चहाचं आधण ठेवलं की पाच मिनिटांत उकळतं. तेवढाच जाळ तेवढाच वेळ भरलेल्या बंबाखाली घाला, पाणी कोमटसुद्धा होणार नाही. उष्णता दोन्हीकडे सारखीच गेली, तापमान मात्र वेगळं. अंश सांगतो पाणी किती गरम आहे, जूल सांगतो आत किती उष्णता गेली. समुद्र हा सगळ्यात मोठा बंब. आपण कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून जी जादा उष्णता पृथ्वीवर अडकवून ठेवतो, तिच्यातली सुमारे ९० टक्के समुद्र पोटात घेतो. हवा तापते त्याच्या बातम्या होतात, पण हवेच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं येतं. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, तेवढी सगळ्या वातावरणाला मिळून मावते.

आता जूल. साधारण शंभर ग्रॅमची एखादी वस्तू, समजा एक संत्रं, जमिनीवरून एक मीटर उचलायला लागते ती ऊर्जा म्हणजे एक जूल. झेटाजूल म्हणजे त्या एकावर एकवीस शून्यं. आमच्या कंपनीत लाइक्स मोजायला सहा शून्यांच्या पुढे कधी जावं लागलेलं नाही, त्यामुळे मी वहीवर ती शून्यं मोजून मोजून लिहिली.

मग स्वयंपाकघरातलाच हिशेब केला. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३ लाख १४ हजार जूल लागतात. १६ झेटाजूलला त्याने भागलं, आणि जगातल्या ८०० कोटी माणसांत वाटलं. प्रत्येकाच्या वाट्याला आलं सुमारे ६४ लाख लिटर उकळतं पाणी. हैदराबादला उन्हाळ्यात गल्लीत टँकर येतात, त्या भाषेत दहा हजार लिटरचे ६४० टँकर. माझे ६४०, तुमचे ६४०, आजीचे ६४०. आणि हे फक्त एका वर्षाच्या वाढीचं.

पण तोच आकडा दुसरीकडून मोजला की चित्र पार बदलतं. समुद्राच्या वरच्या २,००० मीटर पाण्याचं सरासरी तापमान एक अंशाने वाढवायला ढोबळ हिशेबाने अडीच हजारांहून जास्त झेटाजूल लागतात. म्हणजे १६ झेटाजूलने वाढ झाली साधारण ०.००६ अंश. मामाला द्यायचं उत्तर हे होतं. मी लिहिलं होतं सोळा, आणि खरं होतं एका अंशाचे हजार भाग करून त्यातले सहा.

तुम्हाला वाटेल, झालं, मग घाबरायचं काय? मलाही क्षणभर हायसं वाटलं. मग तिसरा हिशेब केला. हीच उष्णता समुद्राने घेतली नसती आणि सगळी हवेत गेली असती तर? सगळ्या वातावरणाचं तापमान एका वर्षात साधारण तीन अंशांनी वाढलं असतं.

तिन्ही खरं आहे: ६४० टँकर, ०.००६ अंश, हवेचे तीन अंश. एका वाक्याने माणूस हादरतो, एकाने झोपी जातो. माझं पोट ज्या कामावर चालतं ते हेच, कुठलं वाक्य निवडायचं. वर्तमानपत्रांना बहुतेक वेळा चौथं आवडतं, हिरोशिमाचे बॉम्ब. २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञ लिजिंग चेंग यांनी हिशेब मांडला होता की आधीच्या २५ वर्षांत समुद्रात गेलेली उष्णता ३६० कोटी हिरोशिमा बॉम्बइतकी होते. गणित बरोबर आहे, पण मला ती उपमा पटत नाही. बॉम्ब म्हटलं की आवाज आला, धूर आला, शत्रू आला. बंब तापताना आवाज होत नाही. आणि बॉम्ब ऐकून माझ्या मामासारखा माणूस काय करतो, ते मी पाहिलं होतं. तो रोपं परत करतो.

आता खरा प्रश्न. एका अंशाच्या हजार भागांतले सहा, तेही अथांग समुद्रात, कोणी मोजले कसे? माझ्या पीजीतल्या काचेच्या थर्मामीटरवर तापसुद्धा नीट दिसत नाही.

१८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज जगभर फिरलं. त्यावरचे लोक दोरीला थर्मामीटर बांधून खोल पाण्यात सोडायचे आणि ओढून वर घ्यायचे. शतकाहून अधिक काळाने, २०१२ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदी आणि आजच्या नोंदी शेजारी ठेवल्या. वरच्या ७०० मीटरमध्ये सरासरी ०.३३ अंशांची वाढ निघाली. दोरीला बांधलेल्या थर्मामीटरची नोंद इतक्या वर्षांनी कामी आली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग १९६० च्या दशकापासून एक वेगळीच वस्तू आली, एक्सबीटी. बारीक तांब्याची तार जोडलेली छोटी नळी. चालत्या जहाजातून ती पाण्यात टाकायची, ती खाली जाताना तापमान कळवत राहते, तार संपली की तुटते आणि नळी समुद्रातच जाते. स्वस्त आणि सोयीची, पण तिच्यात खोली मोजायची सोयच नव्हती. किती सेकंद झाले त्यावरून आत्ता किती खोल असेल याचा अंदाज करायचा. नळी अपेक्षेपेक्षा हळू किंवा भरभर बुडाली की सगळा हिशेब सरकला.

आणि आत्ता आहेत आर्गो फ्लोट. एखाद्या जाड नळकांड्यासारखं यंत्र, वर अँटेना. पोटात थोडं तेल असतं. ते तेल बाहेरच्या पिशवीत ढकललं की यंत्राचा आकार वाढतो आणि ते वर येतं, आत ओढलं की खाली जातं. एरवी ते १,००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतं. दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत खाली जातं, तिथून मोजत मोजत वर येतं, उपग्रहाला आकडे सांगतं आणि पुन्हा बुडी मारतं. असे सुमारे चार हजार फ्लोट आत्ता जगभरच्या समुद्रांत आहेत. तापमान ते अंशाच्या हजाराव्या भागांत मोजतात. (आर्गो हे ग्रीक कथेतल्या जेसनच्या जहाजाचं नाव. त्याच्या जोडीला समुद्राची उंची मोजणारा उपग्रह होता, त्याचं नाव जेसन. बी. ए. इंग्लिशचा एवढा तरी उपयोग झाला.) आपल्या देशाच्या फ्लोटांचे आकडे जिथे येतात, ती इन्कॉइस ही संस्था हैदराबादलाच आहे. ज्या शहरात हे आकडे येतात, त्याच शहरात बसून मी ते चुकवले होते.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते जॉश विलिस यांच्या गोष्टीने. हे नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले शास्त्रज्ञ. २००६ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक निबंध छापला. निष्कर्ष असा की २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर चक्क थंड झाला. केवढी मोठी बातमी! ज्यांना तापमानवाढ थोतांड वाटते, त्यांना तर आयतं कोलीत मिळालं.

तरी काहीतरी जुळत नव्हतं. पाणी थंड झालं तर आकसायला हवं, पण समुद्राची पातळी वाढतच होती. २००७ च्या सुरुवातीला उपग्रहांवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्यानेही त्यांना सांगितलं की पृथ्वीवर येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब तुमच्या थंडीशी जुळत नाही. विलिस यांनी आपलेच आकडे पुन्हा उकरायला घेतले. काही आर्गो फ्लोट, बरेचसे अटलांटिकमधले, विचित्र थंड दिसत होते. तापमान ते बरोबर मोजत होते, पण ते कुठल्या खोलीवरचं, हे चुकीचं नोंदवत होते. खोल पाण्याचं थंड तापमान वरच्या पाण्याच्या नावावर पडत होतं. दुसरीकडे एक्सबीटीच्या जुन्या नोंदी थोड्या जास्त गरम निघाल्या. आधीचं पाणी खोटं गरम, नंतरचं खोटं थंड, त्यामुळे मधे उतार दिसला. दोन्ही चुका काढल्यावर थंडी नाहीशी झाली. २००७ मध्येच त्यांनी त्याच नियतकालिकात त्या निबंधाची दुरुस्ती छापली.

हे वाचलं तेव्हा मी पीजीच्या गच्चीत कपडे वाळत घालत होते, मोबाइल खांद्याला धरून. दोनदा वाचलं. त्यांचंही माझ्यासारखंच झालं होतं. आकडा बरोबर, त्याच्यासोबतची पाटी चुकीची.

आठवड्याने मामाला फोन केला. बंब, टँकर, ०.००६, सगळं सांगितलं. १६ हा आकडासुद्धा पक्का नाही, शास्त्रज्ञांनीच त्याच्यापुढे 'आठ इकडे-तिकडे' असं लिहिलंय, हेही सांगितलं. मामा शेतकरी माणूस, त्याला ते लगेच पटलं. "पिकाचा अंदाज तसाच सांगतात," म्हणाला. मग त्याने मुद्द्याचं विचारलं. "पुन्हा वादळ येईल का, ते सांग."

ते मला सांगता येणार नव्हतं, आणि तसं मी म्हटलं. मला जे कळलं होतं तेवढं सांगितलं. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, आणि निसर्गच्या आधी अरबी समुद्राचा वरचा थर तीसच्या पुढे होता. वादळ पाणी घुसळतं तेव्हा खालचं थंड पाणी वर येतं आणि त्याचा जोर कमी होतो. पण गरम थरच खोलवर गेलेला असेल तर घुसळूनही गरमच वर येतं, ब्रेक लागत नाही. म्हणून नुसतं वरून हात लावून चालत नाही, खोलवर मोजावं लागतं. पुण्याच्या आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाचा अभ्यास मी त्याला वाचून दाखवला. आपल्या हिंदी महासागरात सध्या दशकाला सुमारे ४.५ झेटाजूल उष्णता साठतेय, पुढे हा वेग दशकाला १६ ते २२ झेटाजूलपर्यंत जाऊ शकतो.

मामा बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, पुन्हा घाबरवलं की काय. पण तो दुसऱ्याच गोष्टीवर अडला होता.

"त्या विलिसने स्वतःची चूक स्वतःच छापली?"

"हो."

"आणि तू?"

मी काही बोलले नाही, कारण मी छापली नव्हती. आजीचा फोन झाल्यावर मी टीम लीडला सांगितलं होतं. तो म्हणाला, "एडिट करून टाक, कोण बघतंय?" मी 'अंशांनी'च्या जागी 'झेटाजूलने' टाकलं, मथळा सौम्य केला, विषय संपला. खाली 'दुरुस्ती' म्हणून एक ओळ टाकू का, असं विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं की क्लायंटला बरं दिसणार नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पण स्क्रीनशॉट एडिट होत नाहीत. मामीच्या भिशीच्या ग्रुपवर तो सोळा अंशांचा मथळा फेब्रुवारीतसुद्धा फिरत होता.

फोन झाल्यावर मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'मी चुकीचं लिहिलं होतं. १६ अंश नाही, १६ झेटाजूल. तापमानातली वाढ ०.००६ अंश.' काकाने हात जोडल्याचा इमोजी टाकला. आत्याने विचारलं, झेटाजूल म्हणजे काय. तिला बंबाची गोष्ट पाठवली. ऑफिसात पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाले. म्हणून ती दुरुस्ती इथे करतेय. तो लेख किंवा त्याचा फोटो तुमच्यापैकी कोणाच्या फोनवर असेल, तर कृपा करून पुढे पाठवू नका.

मामाने रोपवाल्याला पुन्हा फोन केला, पण तोवर शंभरातली निम्मीअधिक दुसरीकडे गेली होती. चाळीस मिळाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागल्यावर त्याने फोटो पाठवला. समुद्राकडच्या वाडीत ओळीने चाळीस खड्डे, प्रत्येकात गुडघ्याएवढं रोप, मागे गढूळ समुद्र, आणि कोपऱ्यात आजी डोक्यावर इरलं घेऊन काहीतरी ओरडून सांगतेय.

खाली मामाने लिहिलं होतं, 'उरलेली पुढच्या वर्षी. जानेवारीत नवा आकडा आला की कळव. पुढचा शब्द नीट बघून.'